लेकटच तंबू नको, थोडं वर सरका: भंडारदऱ्याला एक रात्र काढायची असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत राहायचंय, तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि चौसष्ट वर्षांची आई. ऑनलाइन एक 'लेकटच' पॅकेज आवडलंय, फोटोत तंबू अगदी पाण्याला टेकलेत. ते सेफ आहे का, आणि भाड्याच्या तंबूपेक्षा स्वतःचा विकत घेतलेला बरा का?

मी नाशिकची. सतरा वर्षं त्या भागात जातेय, आधी नुसती ट्रेकला जायचे, मग हळूहळू शाळेची पोरं, ऑफिसवाले, फॅमिली ग्रुप असे घेऊन जायला लागले. माझा स्वतःचा कॅम्प तिथे नाही, त्यामुळे कुणाची जाहिरात नाही की कुणाशी दुश्मनी नाही.

तंबू कुठला हा प्रश्न दुय्यम आहे हो. तंबू कुठे लागतो हा खरा प्रश्न. संध्याकाळी सहाला सगळे कॅम्प सुंदरच दिसतात, पाणी, डोंगर, चहा, भजी, फोटो. कॅम्प कसा आहे ते कळतं रात्री दोन ते सहामध्ये, जेव्हा पाठ गार पडते, तंबूच्या आतून थेंब गळायला लागतात आणि आईंना बाथरूमला जायचं असतं. मी जागा बघते ती त्या चार तासांच्या हिशोबाने, आणि त्या हिशोबाने पाण्याला टेकलेली जागा सगळ्यात वाईट, फोटोत कितीही भारी दिसू दे.

का ते जरा नीट सांगते, कारण एकदा कारण कळलं की पवना असो, भंडारदरा असो नाहीतर कोयनेचं बॅकवॉटर, जागा तुमची तुम्हीच ओळखाल.

पहिलं म्हणजे भंडारदऱ्याचं तळं हे तळं नाहीच. प्रवरेच्या खोऱ्याला आडवं धरण घातलंय, विल्सन डॅम, १९१०ला काम सुरू होऊन १९२६ला पुरं झालं. म्हणजे तुम्ही ज्याला काठ म्हणताय तो एका बुडालेल्या डोंगराचा उतार आहे. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीकडे तुफान पाऊस पडतो, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात त्या पट्ट्याला, आणि साधारण पंधरा ऑगस्टच्या आसपास धरण भरतं. नंतर शेतीची आवर्तनं, म्हणजे पाळीपाळीने सोडलेलं पाणी, सुटतात तसं धरणातलं पाणी उतरत जातं आणि मागे जो सपाट, हिरवट, गुळगुळीत पट्टा राहतो ना, तोच सगळ्यांना तंबूसाठी आवडतो. पण तो गाळ आहे. वरून सुकलेला, खाली मऊ. त्यात तंबूची खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेरही येते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०१२च्या जानेवारीत आम्ही चौदा जण होतो आणि मी हौसेने सगळे तंबू पाण्यापासून दहा पावलांवर लावले होते, कारण मलाही फोटो काढायचे होते. रात्री तीनच्या सुमाराला वारा उठला. घाटघरच्या बाजूला डोंगर कोकणाकडे उघडा आहे, तिथून वारा आत शिरला की तळ्यावरून सुसाट येतो, मधे अडवायला काहीच नसतं. दोन तंबूंच्या खुंट्या पटापट उपटल्या. आत माणसं होती म्हणून ते तंबू जागेवर राहिले, पण तिसरा, ज्यात आम्ही फक्त सामान ठेवलं होतं, तो लोळत लोळत पाण्यात गेला. सकाळी गावातल्या एका मामांनी होडीतून जाऊन आणून दिला. पैसे घेतले नाहीत पण म्हणाले, "ताई, आमची गुरं बी हितं बसत न्हाईत रातची." तेव्हापासून मी एक बघते, गुरं कुठे बसतात. खरंच सांगते, ढोरांना जागेची अक्कल आपल्यापेक्षा जास्त असते.

दुसरं कारण थंडीचं. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी वाहत वाहत खाली येते आणि खोलगट जागेत साचते. तळ्याचा काठ म्हणजे त्या खोऱ्याचा तळ. त्यात डिसेंबरात पाणी हवेपेक्षा उबदार असतं त्यामुळे त्यातून रात्रभर वाफ येत राहते, पहाटे पाण्यावर धुकं दिसतं ते हेच. म्हणजे काठावर गारठा पण जास्त आणि ओल पण जास्त. मी एकदा उत्सुकता म्हणून दोन साधे थर्मामीटर नेले होते, एक पाण्याजवळच्या काठीला बांधला, दुसरा वर झाडीच्या कडेला. पहाटे पाचला तीन डिग्रीचा फरक होता. दहाच्या खाली पारा गेलेला असताना तीन डिग्री म्हणजे झोप लागणं आणि न लागणं.

मग जागा कुठली? पाण्यापासून थोडी वर, निदान दोन पुरुष उंच, जिथे गाळ संपून मुरूम किंवा जुनं गवत सुरू होतं. आणि झाडीच्या कडेला, पण झाडाखाली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. झाडं जवळ असली की वारा अडतो आणि दव कमी पडतं. पण बरोब्बर झाडाखाली तंबू लावला तर वाळलेली फांदी पडायची भीती, आणि त्याहून मोठी भीती आग्या मोहोळाची. मोठ्या झाडांवर, कड्यांवर ही पोळी असतात, आणि खाली धूर झाला की माश्या उठतात. पोचलात की आधी वर बघायचं आणि गावातल्या माणसाला विचारायचं, "मामा, इकडे मोहोळ आहे का कुठे?" त्यांना नक्की माहीत असतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावू नका हे वेगळं सांगायला नको, डिसेंबरात पाऊस नसला तरी तिथेच गारठा साचतो.

पाण्याचं दृश्य वरूनही दिसतंच की, उलट जास्त चांगलं दिसतं. आणि मुलगी सहा वर्षांची आहे. पहाटे ती तुमच्या आधी उठली आणि चेन उघडून बाहेर आली तर तंबू आणि पाणी यात किती पावलं आहेत? माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

पाण्यात उतरण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. उतरू नका. बुडालेला उतार आहे म्हणाले ना, तर गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे गेलं की एकदम छातीपर्यंत असं होतं. खाली गाळ पाय धरून ठेवतो, जुने बुंधे, बांध, दगड काय काय असतं. पोहता येतं म्हणून उतरलेली माणसंही यात अडकतात. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात घालून आणि बक्कल लावून, मुलीच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर निघून येतं आणि मूल खाली. मापाचं नसेल तर बोट राहू दे, काठावरून दगड मारायला पण पोरांना तेवढीच मजा येते.

आता तंबू. विकत घ्यायचा का? वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर घ्या, एका रात्रीसाठी नको. घेतलात तर दोन थरांचा घ्या, आतला जाळीचा आणि बाहेरचा वॉटरप्रूफ. त्यावर 'तीन माणसांचा' लिहिलेलं असेल तर तो दोन माणसं आणि दोन बॅगांचा असतो, कंपनीने तीन माणसं कुशीवर न वळता मोजलेली असतात. कॅम्पवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी एकाच थराचे तंबू असतात, ते वाईट असतात असं नाही पण त्यात एक गंमत होते. लोक थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च बंद करतात, आत तीन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागते आणि पहाटे डोक्यावर थेंब पडतात, मग सकाळी भांडण, की तुमचा तंबू गळका आहे. गळत काही नसतं, आपलाच श्वास असतो तो. वरची जाळीची खिडकी आणि दाराची वरची दोन बोटं चेन उघडी ठेवा. थोडं गार वाटेल पण पांघरूण कोरडं राहील, आणि ओल्या पांघरुणापेक्षा गार हवा परवडली.

थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. लोक चार ब्लँकेटं नेतात आणि चारही अंगावर घेतात. चारातली दोन खाली घाला. कॅम्पवाल्याची पातळ कॅरीमॅट असेल तर त्यावर घरची जाड सतरंजी, त्यावर गोधडी. आपल्या आज्यांच्या गोधड्या या कामाला फार भारी, गाडीने जाणार आहात तर वजनाचा प्रश्नच नाही. मुलीला रात्रीसाठी वेगळे कोरडे कपडे ठेवा, दिवसभर घामेजलेल्या कपड्यात झोपवू नका, मोजे आणि कानटोपी घालून झोपवा. गरम पाण्याची रबरी पिशवी असेल तर झोपायच्या आधी दहा मिनिटं अंथरुणात ठेवा.

आणि एक गोष्ट, ही मी प्रत्येक ग्रुपला दोनदा सांगते. कोळशाची शेगडी, निखारे, गॅसचा स्टोव्ह, काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. 'फक्त पाच मिनिटं, बाळासाठी' असं म्हणूनही नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नाही, झोपेत माणसाला कळतच नाही, आणि बंद तंबूत तो साचायला फार वेळ लागत नाही. थंडीच्या दिवसांत दरवर्षी कुठून ना कुठून अशी बातमी येते. वर मी खिडकी उघडी ठेवा म्हणाले ती थेंबांसाठी, तिच्या भरवशावर शेगडी आत नेता येते असा अर्थ काढू नका.

शेकोटी बाहेर, तंबूपासून लांब आणि वारा तंबूकडून शेकोटीकडे जाईल अशा बाजूला. एक ठिणगी उडाली की नायलॉनला भोक पडतंच. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे, तेव्हा झाडाच्या फांद्या तोडायच्या नाहीत, खाली पडलेल्या पण गोळा करत जंगलात फिरू नका, लाकूड कॅम्पवाल्याकडून घ्या. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक निखारा वाऱ्याने गेला तर वणवा. झोपताना पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी. हात वर धरून ऊब लागली नाही की मगच उठायचं. आणि गाडीत पाण्याचा एक कॅन याच कामासाठी वेगळा ठेवा.

आईंचं काय करायचं हे मी मुद्दाम मागे ठेवलं कारण ते खरंच त्यांच्यावर अवलंबून आहे. गुडघे ठीक असतील, जमिनीवर बसता उठता येत असेल तर तंबूत काहीच अडचण नाही, माझ्याबरोबर सत्तरीच्या आज्या राहिल्यात आणि सगळ्यात आधी त्याच उठून चहाला हजर. पण गुडघे दुखत असतील, बीपीची गोळी चालू असेल आणि रात्री दोनदा उठावं लागत असेल तर घुमटाच्या बुटक्या तंबूतून रांगत बाहेर यायचं, चपला शोधायच्या, अंधारात उतारावरून संडासापर्यंत जायचं, हे नको. त्यांच्यासाठी गावातल्या घरी एक खोली बघा, शेंडी, मुरशेत, मुतखेल या बाजूला बऱ्याच घरांत आता सोय झालीये, आणि तुमचे तंबू त्याच घराच्या अंगणात नाहीतर शेतात लावून मागा. मी फॅमिली ग्रुपला बहुतेक वेळा हेच करते. पोरांना तंबू मिळतो, मोठ्यांना खाट मिळते, संडास जवळ असतो आणि रात्री काही झालं तर दार वाजवायला माणूस असतो. अगदीच हॉटेलसारखं हवं असेल तर एमटीडीसीचं रिसॉर्ट आहेच तळ्याजवळ, पण सुट्टीच्या आठवड्यात आधी बुकिंग लागतं.

पॅकेजवाल्याला फोन कराल तेव्हा 'सेफ आहे का' असं विचारू नका, कोण नाही म्हणेल? असं विचारा, की रात्री मुक्कामाला तुमचा माणूस कोण असतो आणि तो किती वाजेपर्यंत जागा असतो. संडास तंबूपासून किती पावलांवर आहे आणि वाटेत दिवा आहे का. जेवण किती वाजता वाढता. हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल पण बार्बेक्यू सातला आणि जेवण साडेनऊला अशी पद्धत पडलीये सगळीकडे, तोपर्यंत सहा वर्षांचं पोर रडून झोपलेलं असतं. तिच्यासाठी साडेसातला गरम भात-आमटी मिळेल का विचारा, गावातली बाई करत असेल तर आनंदाने देते. स्पीकर किती वाजता बंद होतो तेही विचारा. कायद्याने एरवी रात्री दहाला बंद व्हायला हवा, पण नाताळ ते एकतीसच्या आठवड्यात काठाकाठाने काय चालतं ते मी बघितलंय, आणि शांत झोप हवी असेल तर माझा सरळ सल्ला की तो आठवडा सोडा, जानेवारीतला मंगळवार-बुधवार घ्या. शाळेची एक दिवसाची दांडी माफ असते.

या सगळ्या प्रश्नांना जो माणूस न चिडता, नेमकी उत्तरं देतो त्याच्याकडे जा, मग तो शंभर-दोनशे रुपये जास्त घेत असला तरी चालेल. 'या तर खरं, सगळं आहे' असं म्हणणारा टाळा.

साप-विंचवाची भीती तुम्ही लिहिली नाहीत पण मनात असणार. थंडीत साप कमी फिरतात, पण फुरसं, मण्यार, घोणस, नाग चारही सह्याद्रीत आहेत. उष्टं-खरकटं तंबूजवळ टाकलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप, म्हणून खाऊचा डबासुद्धा गाडीत. बूट बाहेर ठेवू नका, आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री टॉर्चशिवाय एक पाऊल नाही, मोबाइलचा नको, डोक्याला लावायचा घ्या म्हणजे मुलीचा हात धरायला हात मोकळा राहतो. बिबट्या त्या जंगलात आहे पण माणसांच्या गलक्याजवळ तो येत नाही शक्यतो, तरी अंधार पडल्यावर मुलीला एकटीला शूला झाडीत पाठवायचं नाही. काही चावलंच तर दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, मंत्र असले प्रकार न करता माणसाला न चालवता गाडीत घालून सरळ राजूर किंवा अकोले गावाच्या दिशेने दवाखाना, १०८ला फोन करत करत. रेंज सगळीकडे नसते, म्हणून उजेड आहे तोवरच कुठे कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघून ठेवा.

यायचं कसं ते थोडक्यात. मुंबईहून इगतपुरी, घोटी, मग बारीवरून शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. राजूरला पेढे घ्या. काहीही करा पण चारच्या आत पोचा, डोंगराआड सूर्य लवकर जातो आणि अंधारात जागा निवडता येत नाही, कॅम्पवाला दाखवेल ती घ्यावी लागते, आणि ती हमखास पाण्याजवळचीच उरलेली असते नाहीतर संडासाजवळची. दुसऱ्या दिवशी कळसूबाईच्या नादी लागू नका आईंना घेऊन, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, जुनं दगडी कोरीव काम आहे, गाडी जवळपर्यंत जाते, समोर रतनगड दिसतो, नशीब असेल तर त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोकही.

मुलीसाठी एक काम ठेवा. जेवण झालं की शेकोटीपासून थोडं लांब, उजेडाकडे पाठ करून सगळ्यांनी गोधडीवर आडवं व्हायचं, दहा मिनिटं मोबाइल न बघता. डोळे सरावले की पूर्वेकडून वर आलेलं मृग नक्षत्र दाखवा, मधले तीन तारे म्हणजे बाण, ते खालच्या बाजूला जिकडे बोट दाखवतात तिकडे सगळ्यात चमकदार तो व्याध, उलट्या बाजूला गेलं की लालसर रोहिणी आणि अजून पुढे कृत्तिकांचा झुबका. किती तारे दिसतात त्या झुबक्यात ते तिला मोजायला सांगा, पोरांना आपल्यापेक्षा जास्त दिसतात. हे सगळं अमावस्येच्या आसपास गेलात तरच नीट दिसतं, पौर्णिमेला तळं सुंदर दिसतं पण तारे धुऊन जातात.

तेव्हा तारीख ठरली की इथेच लिहा, त्या रात्री चंद्र किती वाजता मावळतो ते बघून सांगते. आईंच्या गुडघ्यांचं पण लिहा.